आमची मद्यपरीक्षा

वणीसारख्या गांवीं पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसानें मद्याविषयीं लेखणी उचलावी, हें पाहून वाचकांस आश्चर्य वाटेल. सुरापान हें महापातक, असें आम्ही मुलांस शिकविलें. आमचा एक बुद्धिमान् विद्यार्थी पुढें दारूपायींच गेला. त्याच्या आईनें त्याचें जुनें प्रगतिपुस्तक आम्हांस आणून दाखविलें, तो दिवस आम्ही विसरलों नाहीं. नदीपलीकडील चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळीं तिकडील तहानलेले लोक आमच्या गांवाची वाट धरीत, हेंही आम्हीं पाहिलें आहे.

२०२३ च्या मार्चांत आम्ही उभयतां मुलाकडे अ‍ॅडलेडला गेलों. तिसऱ्या दिवशीं साखरेचा डबा शोधतांना पोह्यांच्या पिशवीआड दोन बाटल्या सांपडल्या. मुलगा अडतीस वर्षांचा. पण चवथींतल्या पोरासारखा खालीं मान घालून उभा राहिला. बाटल्या पाहून वाईट वाटलेंच. परंतु त्या आमच्यापासून लपवाव्या लागल्या, याचें दुःख अधिक. आम्ही म्हटलें, “अरे, लपवूं नकोस. हें काय आहे, तें आम्हांस नीट दाखव.”

रविवारीं तो आम्हांस बरोसा खोऱ्यांत घेऊन गेला. मोटारीनें तासाभराची वाट. द्राक्षांची तोडणी चालू होती. सायलेशियांतून आलेल्या जर्मन कुटुंबांनीं १८४० नंतर येथें वस्ती केली. १८४३ सालीं लावलेल्या शिराझच्या वेली अद्यापि फळें देतात. युरोपांतील मळे उद्ध्वस्त करणारी फिलॉक्सेरा नांवाची कीड दक्षिण ऑस्ट्रेलियांत शिरली नाहीं, म्हणून त्यांस हें दीर्घायुष्य.

परीक्षेची रीत अशी: पेल्यांत अगदीं थोडें घ्यावयाचें, रंग पाहावयाचा, पेला फिरवून वास घ्यावयाचा, आणि घोट तोंडांत खेळवून पात्रांत टाकावयाचा. म्हणजे आपला गंडूषच! या आधारावर आम्हीं चार प्रकार चाखले. चवथ्याचा थेंब घशाखालीं गेला, हें कबूल करितों.

क्लेअर खोऱ्याचें रीझलिंग हें फिकट, कोरडें व लिंबासारखें आंबट. आमच्या तिखट जेवणाबरोबर हेंच शोभेल. हंटर खोऱ्याचें सेमियाँ सौम्य. तें जपून ठेविल्यास कांहीं वर्षांनीं त्यास मध व भाजलेल्या पावाचा वास येतो. बरोसाचें शिराझ दाट, जांभळ्या रंगाचें व मिऱ्यासारखें चरचरीत. पण त्यांत मद्यार्क शेंकडा चौदा-पंधरा, हें ध्यानीं धरावें. रदरग्लेनचें मस्कत मनुकांच्या पाकासारखें गोड. तें अगदीं लहान पेल्यांतच घ्यावयाचें.

किंमतीचें म्हणाल, तर वीस-पंचवीस डॉलरांत उत्तम शिराझ मिळतें. १९५१ पासून निघणाऱ्या ग्रेंजची बाटली हजार डॉलरांच्या घरांत जाते. तिचें दुरून दर्शन पुरे. उलट, १९६५ सालीं तेथील अँगोव्ह यांनीं खोक्यांतील पिशवीची युक्ति काढल्यापासून गरिबाचीही सोय झाली. पण पिशवीस तळ दिसत नाहीं, हा तिचा दोष. इकडे भारतांत २९ डिसेंबर २०२२ पासून अंमलांत आलेल्या व्यापारकरारानें पांच अमेरिकन डॉलरांवरील बाटल्यांची १५० टक्के जकात टप्प्याटप्प्यानें उतरत आहे. म्हणजे हा प्रश्न उद्यां आपल्याही दारीं येणार.

मद्य त्याच्या देशावरून ओळखावें, ही गोष्ट तेथील लोक अभिमानानें सांगतात. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षरसाच्या मद्यास देशावरून कापिशायन व हारहूरक अशीं नांवें दिलीं आहेत, हें आम्हीं त्यांस सांगितलें. सुरेवर अध्यक्ष नेमावा लागतो, हेंही त्याच प्रकरणांतलें तात्पर्य.

रात्रीं आम्हीं मुलास त्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “बाबा, शनिवारीं एक पेला, याहून अधिक नाहीं. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून लपविलें.” आम्ही म्हटलें, “त्यानेंही आईस वाईट वाटूं नये म्हणूनच प्रथम लपविलें होतें.” मुलगा बराच वेळ बोलला नाहीं. सकाळीं पाहतों तों दोन्ही बाटल्या उघड्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारीं मांडलेल्या.

आमची शिफारस एवढीच. ज्यांच्या घरीं हें नाहीं, त्यांनीं तें आणूं नये. त्यांचें कांहींच अडलेलें नाहीं. ज्यांच्या मुलांच्या घरीं आहे, त्यांनीं आधीं राग गिळावा आणि बाटली उजेडांत येऊं द्यावी. उजेडांतल्या बाटलीचा तळ घरांतील सर्वांस दिसतो.