शेवाळाशिवायची टांगती हुंडी



हल्ली पुण्या-मुंबईच्या घरांत कुंडीशिवायचं झाड दोरीनं टांगलेलं दिसतं. हिरवा मऊ गोळा आणि त्यातून वर आलेली पानं. त्याला कोकेदामा म्हणतात. शब्द जपानी आहे. कोके म्हणजे शेवाळ आणि दामा म्हणजे गोळा. बोन्सायचं झाड कुंडीतून काढून मुळांच्या मातीसकट तसंच ताटलीत मांडायची तिकडची एक रीत आहे, तिला नेआराई म्हणतात. कोकेदामा तिचाच भाऊबंद. मुळांभोवती केतो नावाची दलदलीतली चिकट काळी माती थापायची, वरून शेवाळ लपेटायचं आणि दोऱ्यानं बांधायचं.

सूनबाईनं मागच्या दिवाळीला असा एक गोळा पुण्याहून आणला. "आई, ओसरीत छान दिसेल," म्हणाली. हिवाळाभर छान दिसलाही. एप्रिलात मात्र त्याचं शेवाळ आधी पिवळं आणि मग काथ्यासारखं तपकिरी झालं. नातवानं विचारलं, "आजी, झाड तर जिवंत आहे, मग गोळा कसा मेला?"

प्रश्न बरोबर होता. शेवाळाला आपल्या झाडांसारखी पाणी ओढणारी मुळं नसतात. ते पानांनीच ओल घेतं आणि पानांनीच गमावतं. त्याला भोवतालची हवा दमट लागते. आपल्याकडे मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, अमरावतीही फार मागे नसते. आत झाडाची मुळं ओल्या मातीत सुखात असतात, पण बाहेरचं शेवाळ दुपारभर कोरडा वारा खातं. वऱ्हाडात ते हिरवं राहावं कसं?

मला दुसराही एक विचार पडला. आपल्याकडे शेवाळाला साधारण वनस्पती मानलं आहे, म्हणजे एका शरीरात अनंत जीव. कंदमुळं आपण ज्या कारणानं वर्ज्य करतो तेच कारण. चातुर्मासात मुनिमहाराज विहार थांबवतात, चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. पावसाळ्यात मुक्तागिरीला गेलात तर ५२ मंदिरांच्या त्या डोंगरावर दगडादगडावर हिरवी साय धरलेली दिसते. तिथे आपण पाय जपून ठेवतो, तो फक्त घसरू नये म्हणून नाही. मग तेच शेवाळ खरवडून आणून ओसरीत टांगायचं का?

सूनबाई म्हणाली, "आई, विकायला येतं ते वाळलेलंच असतं. त्यात जीव कुठे राहिला?" तिचं म्हणणं खोटं नाही. पण आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदन देणं अशी तिन्ही खाती एकत्र धरतात. मी मागवलं म्हणून कुणीतरी काढलं, म्हणजे माझ्या नावे नोंद झालीच.

आता आमच्या मोर्शी-वरुडकडच्या शेतकरी मैत्रिणी विचारतील, की डाळिंबाच्या गुटी कलमालाही शेवाळ लागतंच की. लागतं. फांदीची साल गोल काढतात, तिथे ओलं स्फॅग्नम शेवाळ बांधून वर प्लास्टिक गुंडाळतात आणि त्या गोळ्यात मुळं फुटतात. हे शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं, म्हणून त्याला मागणी. पण शेतकऱ्याची ती उपजीविका आहे. शास्त्रात तिला उद्योगी हिंसा म्हटलं आहे आणि गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही. माझी तर नुसती हौस. विनाकारण माती खणणं, पाणी सांडणं, झाडपाला तोडणं याला प्रमादचर्या म्हणतात आणि अनर्थदंडव्रतात ती सोडायला सांगितली आहे. हौसेच्या खात्यात कमीत कमी नावे पडावं, एवढं तर माझ्या हातात आहे.

म्हणून मी शेवाळाशिवायचा गोळा करते. गावात मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे, आणि ज्या रिद्धपुरात लीळाचरित्र लिहिलं गेलं तिथे राहून जपानी नाव किती दिवस घ्यायचं? नर्सरीवाले मुळांच्या मातीच्या गोळ्याला हुंडी म्हणतात. "हुंडी फुटू देऊ नका," असं रोप देताना बजावतात. मी बी.कॉम. झालेली, मला हुंडी म्हटलं की आधी बाजारातली हुंडीच आठवते. दोन्ही हुंड्या वेळेवर वटल्या पाहिजेत! तर आमच्याकडे आता ही टांगती हुंडी.

साहित्य घरचंच आहे. दोन भाग काळी माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जुनं, पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलं शेणखत. जपान्यांची केतो माती इथे मिळत नाही, पण आपली काळी माती चिकटपणात कमी नाही. नुसती काळी माती मात्र घेऊ नका. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की तडकते, शेतात भेगा पडतात तशी. कोकोपीटनं ते आवरतं. विकतचं तयार मिश्रण आणलंत तर पिशवीवर वाचून पाहा, काहींत हाडांचा चुरा घातलेला असतो.

पाणी शिंपडत रोडग्याच्या कणकेसारखं मळा. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला आणि बोटांतून पाणी निघालं नाही, की झालं. रोपाच्या मुळांची जुनी माती हलक्या हातानं झटका, मुळं तोडू नका. गोळ्याचे दोन भाग करा, मधे मुळं ठेवा आणि दोन्ही भाग दाबून मोठ्या संत्र्याएवढी हुंडी वळा. वरून नारळाच्या शेंडीचा काथ्या पिंजून सगळीकडून सारखा लावा आणि सुतळीनं आडवीउभी बांधा. साधा सुती दोरा ओलीनं लवकर कुजतो. टांगायला काथ्याची दोरी घ्या. आमच्या आजीच्या घरी दुधा-लोण्याचं शिंकं असायचं, तसंच चार दोऱ्यांचं शिंकं केलं तर हुंडी गाठीवर लटकत नाही, अलगद बसते.

झाडं निवडताना हौस आवरा. नाजूक फर्न आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. मनी प्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट ही आपली गुणी मंडळी. पैकी मनी प्लांट आणि सिंगोनियमची पानं चावली तर तोंडाची आग होते, म्हणून लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच टांगा.

पाणी वरून ओतायचं नाही. बादलीत हुंडी बुडवायची. आधी बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत, म्हणजे १० ते १५ मिनिटं ठेवायची. मग चाळणीत निथळून परत टांगायची. केव्हा बुडवायची हे वार पाहून ठरवू नका, हातात घेऊन वजन पाहा. हलकी लागली की तहान लागली. आमच्याकडे पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात आठवड्यानं आणि नवतपात जवळजवळ रोज पाणी लागतं. कूलरच्या खोलीतली हवा तिला मानवते, पण थेट झोतात टांगू नका. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं नको.

मी एकाच बादलीत एकामागून एक साऱ्या हुंड्या बुडवते आणि ते पाणी लगेच कढीपत्त्याच्या झाडाला घालते. पाणी साठवून ठेवलं तर डासांच्या अळ्या होतात. मग ते ओतावं तरी पाप आणि ठेवावं तरी ताप. त्यापेक्षा त्याच दिवशी बादली कोरडी केलेली बरी.

वर्ष-दीड वर्षात मुळं काथ्यातून बाहेर डोकावू लागतात. तेव्हा सुतळी कापून नवी माती आणि नवा काथ्या द्यायचा. जुना काथ्या झाडांच्या बुंध्याशी टाकला की उन्हाळ्यात ओल धरतो.

माझ्याकडे पाच हुंड्या आहेत. सहावी करायची नाही असं ठरवलं आहे. परिग्रहाचं परिमाण फक्त साड्या-दागिन्यांचं नसतं, हौसेचंही असतं. रोप हाही एकेंद्रिय जीवच आहे. त्याला टांगून ठेवलं म्हणजे त्याचं पाणी, ऊन, सावली सगळं आपल्यावर आलं. गावाला जाताना शेजारणीला चावी देतो तशी पाणी घालायची रीतही समजावून द्या. तेवढं जमत नसेल तर हुंडी करू नका, रोप अंगणातल्या मातीत लावा. तिथे त्याची मुळं स्वतःचं पाणी स्वतः शोधतात.