दोष बाईचा नव्हे

भिवंडीच्या धामणकर नाक्याच्या परिसरात काय किंवा कुठेही काय, गरोदर बाईचं पोट साफ होईना की बोट तिच्या खाण्याकडे दाखवलं जातं. मला हे अन्यायाचं वाटतं. प्रोजेस्टेरॉन वाढलं की आतड्याचे स्नायू सैलावतात, अन्न सावकाश सरकतं; त्यात लोहाच्या गोळीने शौच घट्ट नि काळपट होतं. आतड्यातले जिवाणूही बदलत असावेत. २०१२ साली फिनलंडच्या ९१ गर्भवतींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या शेवटच्या तिमाहीतले जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तेव्हा पहिल्या तिमाहीतले जिवाणू सोडलेल्या उंदरांपेक्षा त्यांची चरबी जास्त वाढली.

कुणी म्हणेल, २०१५च्या अमेरिकी अभ्यासात जिवाणूंत असा मोठा बदल दिसला नाही. आक्षेप रास्त आहे. जिवाणूंबद्दलचा निकाल अजून लागायचाय. पण आतडं मंदावतं, ते बाईच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. मग कुंथावं लागतं म्हणून लोहाची गोळीच सोडावी का? मुळीच नाही; ती रक्तक्षयासाठीच असते. संशोधक लूसी विल्स यांनी मुंबईतल्या गर्भवतींचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे १९३१मध्ये मांडलं. त्याच शोधातून पुढे गवसलेलं फॉलिक ॲसिड आज लोहासोबत त्या गोळीत असतं. पाणी, पालेभाजी, कडधान्यं वाढवावीत आणि त्रास डॉक्टरांना न लाजता सांगावा. घरच्यांनी तो निमूट ऐकून घ्यावा, एवढं तर ते तिचं देणं लागतातच.