एका बटणाची साक्ष

माझ्या मेजाच्या खणांत पत्र्याची एक लहानशी डबी आहे आणि त्या डबींत पितळेचें एक बटण आहे. आकारानें तें आठ आण्यांच्या नाण्याएवढें असेल. गेलीं कित्येक वर्षें, वडगांवच्या लढाईचा विषय निघाला म्हणजे तें बटण घेऊन मी वर्गांत जात असें आणि बाकांवरून हातोहात फिरवीत मुलांना सांगत असें, "नीट पाहा. इंग्रजांच्या फौजेचा इ. स. १७७९ मध्यें या आपल्या मावळांत मोड झाला, तेव्हां तिच्यांतील एका शिपायाच्या डगल्यावरून गळून पडलेलें हें बटण!" मुलें तें श्वास रोखून पाहत. ही गोष्ट खरी नव्हती; आणि ती खरी नाहीं हें मला कसें उमगलें, तें वाचकांस सांगावें म्हणून ही लेखणी हातीं घेतली आहे.

बटण सांपडलें तें माझ्या वडिलांना. आमचें शेत वडगांवाहून कोस-दीड कोसावर, इंद्रायणीच्या बाजूस आहे. भात निघाल्यावर हरभऱ्यासाठीं नांगरट चालली असतां तें फाळापुढें वर आलें. वडिलांनीं चिंच व राख लावून तें सोन्यासारखें लखलखीत केलें आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "इष्टुर फाकड्याच्या लोकांचें दिसतें." वडिलांना ती मोहीम तोंडपाठ होती. रघुनाथरावांस गादीवर बसविण्याच्या मिषानें मुंबईकर इंग्रजांची सुमारें चार हजारांची फौज बोरघाट चढून आली. जानेवारीच्या ४ तारखेस कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट, म्हणजेच आपल्या लोकांचा इष्टुर फाकडा, तोफेच्या गोळ्यानें पडला. पुढें तळेगांवीं पोहोंचावें तों गांव मराठ्यांनीं जाळून ओसाड केलेलें. मग ११ तारखेच्या रात्रीं जड तोफा तळ्यांत लोटून फौज माघारीं फिरली, ती वडगांवांत कोंडली गेली आणि महादजी शिंद्यांपुढें तह मागती झाली. हें सारें ते असें सांगत, कीं जणूं त्या रात्रीं आमच्या बांधावर ते स्वतः उभे होते. पळतांना डगला काटेरी झुडपांत अडकला, बटण तुटलें, आणि तें आमच्या शेतांत राहिलें. यांत न पटण्यासारखें काय होतें?

मागल्या वर्षीं आठवींतील एका मुलीनें बटण उलटसुलट करून सहज विचारलें, "सर, हा शिपाई कोणत्या पलटणींतला?" "तें आतां कोण सांगणार?" असें म्हणून मीं वेळ मारून नेली. परंतु तें उत्तर मलाच रात्रभर टोंचत राहिलें. कारण बटणें बोलतात, हें मीं कोठेंतरी वाचलें होतें. मीं मात्र माझ्या बटणाला आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता.

मग भिंग घेऊन बसलों. प्रथम पाठ पाहिली. बटण दोन तुकड्यांचें होतें. पुढच्या पत्र्याची कड मागच्या चकतीवर दुमडलेली. अशीं बटणें बर्मिंगहॅमच्या कारखानदारांनीं १८१३ च्या सुमारास काढलीं. वडगांवच्या काळीं साध्या शिपायाचें बटण बहुधा कथिल व शिसें यांच्या मिश्रणाचें, एकसंध ओतीव असे. म्हणजे पहिल्याच पायरीवर माझा शिपाई चौतीस वर्षें पुढें सरकला! तरी मीं धीर सोडला नाहीं. १८१८ च्या मार्चांत कर्नल प्रॉथरनें लोहगड व विसापूर घेतले. त्या फौजेचें असेल, असें मनाशीं म्हटलें.

मग दर्शनी बाजू पाहिली. सिंह, शिंगवाला घोडा आणि त्यांच्यामध्यें इंग्लंडच्या राजाची ढाल. (वडगांवीं हरली ती फौज कंपनी सरकारची होती, तिच्या शिपायाच्या छातीवर राजाची ढाल कशाला असेल, हें मला पहिल्याच दिवशीं सुचावयास हवें होतें, इतिहासाचा शिक्षक म्हणविणाऱ्यानें हें कबूल करणें सोपें नाहीं.) त्या ढालींत १८०१ पर्यंत फ्रान्सचीं कमळें असत आणि १८३७ पर्यंत मधोमध हॅनोव्हरची लहान ढाल असे. माझ्या बटणावर दोन्ही नाहींत. लोहगडही गेला.

यापुढें त्या मुलीचाच प्रश्न उपयोगीं पडला. इंग्रज पायदळाच्या बटणांवर १७६७ च्या हुकुमानें पलटणीचा आंकडा घालूं लागले. साध्या शिपायांच्या बटणांवरून तो १८७१ मध्यें काढून टाकला आणि त्याच्या जागीं सर्वांना सारखीच राजाची ढाल आली. माझ्या बटणावर आंकडा नव्हता, तो याच कारणानें. राहतां राहिला मुकुट. व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागीं खचलेल्या दिसतात. तिच्यामागून १९०१ पासून १९५२ पर्यंत जे राजे झाले, त्यांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वाटोळ्या. माझ्या बटणावरचा मुकुट भिंगाखालीं अगदीं घुमटासारखा होता. चिंचेनें घांसून घांसून सिंहाचें तोंड पुसलें गेलें होतें, पण मुकुट शाबूत होता.

सुट्टींत घरीं गेलों तेव्हां बटण आईपुढें ठेवलें आणि आजवर कोणीं न विचारलेली गोष्ट विचारली: तें शेतांत नेमकें कोठें सांपडलें?

"कुठं म्हणजे? राखणीच्या माळ्याच्या कोपऱ्यांत," आई म्हणाली, आणि बटण डोळ्यांजवळ नेऊन हसली. "अरे, तुझ्या आज्याच्या मिलट्रीच्या कोटाचं असंल हे!"

दुसरें महायुद्ध संपल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारांतून आजोबांनीं गोऱ्या शिपायाचा जाड खाकी कोट थोड्या पैशांत आणला होता म्हणे. थंडींत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं ते रात्रभर माळ्यावर बसत, तेव्हां तोच कोट अंगांत असे. आई लग्न होऊन आली त्या वर्षीं त्याला तिनें दोन साधीं बटणें लावून दिलीं होतीं. पुढें कोट विरला तेव्हां तो त्याच कोपऱ्यांत बुजगावण्याला घातला, आणि तेथेंच तो पावसांत कुजून गेला.

"मग आबांना हें ठाऊक नव्हतें?" मीं विचारलें.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कोट त्यांनीं पाहिला होता, बटणही पाहिलं होतं. दोन्ही एकत्र पाहायचं त्यांच्या मनांत नव्हतं, एवढंच."

शाळा उघडल्यावर मीं हें सर्व वर्गांत सांगितलें. सांगतांना घसा कोरडा पडला होता. मुलें हंसतील असें वाटलें होतें. हंसलीं ती बुजगावण्याच्या गोष्टीला, मला नव्हे. तथापि दोघांचा उत्साह भलत्याच वाटेनें गेला. धातु शोधणारें यंत्र विकत मिळतें, तें घेऊन लोहगडावर जाऊं, तेथें खरीं जुनीं बटणें मिळतील, असा त्यांचा बेत. मीं तो मोडून काढला. लोहगड व विसापूर हीं संरक्षित स्मारकें आहेत. १९५८ च्या कायद्यानें तेथें परवानगीवांचून उकरतां येत नाहीं. एरव्हींही जमिनींत दडलेलें, दहा रुपयांहून अधिक मोलाचें कांहीं सांपडल्यास तें कलेक्टरास कळवावें, असा १८७८ चा कायदा आहे. पण मुलांना कायद्यापेक्षां आईचें उत्तर अधिक पटलें. कोपरा कोणता हें तिला आठवत नसतें, तर माझें बटण एका अनोळखी गोऱ्या शिपायाचेंच राहिलें असतें. आजोबांचें झालें नसतें.

डबीवर वडिलांच्या हातची चिठ्ठी होती: "वडगांवची लढाई, १७७९." ती मीं फाडली नाहीं. तिच्याखालीं दुसरी चिकटविली: "आजोबांचा कोट. माळ्याचा कोपरा." त्या कोटाचीं आणखी बटणें होतींच, असें आई म्हणते. यंदा हरभऱ्याच्या नांगरटीच्या वेळीं त्या कोपऱ्यांत औत हळू हांक, असें धाकट्या भावाला कळविलें आहे.