काळ आणि कथन

क्रियापदाचा काळ घटनेची वेळ दर्शवितो, असे व्याकरण सांगते. कथनात तो कथकाचे घटनेशी असलेले नाते ठरवितो, असे मला चार्ल्स डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’च्या (१८५२-५३) प्रत्येक पुनर्वाचनात जाणवत आले आहे. या कादंबरीला दोन कथक आहेत. अनाम कथक वर्तमानकाळात बोलतो, एस्थर समरसन भूतकाळात. लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळणारा दावा पहिल्याच्या वाट्याला येतो. त्याच्या वाक्यांना मागे वळून पाहण्याची सोय नाही. एस्थर विवाहानंतर सात वर्षांनी लिहिते. आजाराने तिचा चेहरा विद्रूप होतो, तेव्हाही तिचा भूतकाळच वाचकाला आश्वासन देतो की ती यातून तगली आहे. सारी मालमत्ता खर्चात गिळून दावा अखेर संपतो, तेव्हा ती वार्ताही एस्थरच देते. जे संपले, तेच तिच्या काळात मावते.

मराठी अनुवादाच्या तासाला विद्यार्थी सवयीने दोन्ही प्रवाह ‘होता-गेला’त ओततात. वाक्ये निर्दोष उतरतात. परंतु दावा पहिल्याच पानावर निकाली निघालेला असतो, आणि एस्थरजवळ सांगण्यासारखे वेगळे असे काहीच उरत नाही.