काटे खोटं बोलत होते, दोष अर्थिंगचा होता



आज पिकाची नाही, ट्रॅक्टरची नोंद.

गेल्या आठवड्यात रात्री ऊस भरून कारखान्याकडे निघालो होतो. ओढ्याच्या उतारावर मागून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. उतरून बघतो तर आमच्याच गल्लीतलं पोरगं, मोटरसायकल ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबलेली. म्हणालं, "काका, मागं लाईटच नाही. ट्रॉली दिसलीच नाही मला." त्याचे हात थरथरत होते, माझेही. ट्रॅक्टर रस्त्याखाली रानात घेतला आणि उजाडेपर्यंत हललो नाही.

खरं सांगायचं तर ट्रॅक्टर तीन महिने सांगत होता, मीच ऐकलं नाही. आमचा ट्रॅक्टर १९९८ सालचा. दसऱ्याला त्याला नवा रंग मारला. तेव्हापासून हेडलाईट लावली की टेम्परेचरचा आणि डिझेलचा, दोन्ही काटे वर चढायचे. इंडिकेटर लावला की काटे त्याच्या तालावर नाचायचे. मी आधी सेन्सर बदलला, मग मीटर बदलला. सतराशे रुपये गेले, फरक शून्य. शेवटी काट्याकडे बघणंच सोडलं. इंजिन खरंच तापलं असतं तरी मला कळलं नसतं.

त्या रात्रीनंतर मल्टीमीटर घेऊन बसलो. एक गोष्ट आधी डोक्यात यायला हवी होती: दोन काटे एकदम बिघडत नाहीत. दोन्ही एकदम चुकतात तेव्हा दोष दोघांच्या सामाईक जागी असतो, आणि ती जागा बहुतेक वेळा अर्थिंगची असते.

काय तपासलं ते क्रमाने:

१. बॅटरी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १४ च्या आसपास. म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग ठीक.

२. हेडलाईट चालू ठेवून मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन डॅशबोर्डच्या उघड्या पत्र्याला लावली. इथे ०.२ व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं. माझ्याकडे २.३ दिसले! तेवढं व्होल्टेज वाटेतच मरत होतं. दोन व्होल्ट कमी पडले तर बल्बचा उजेड जवळपास निम्मा होतो.

३. एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट त्या पत्र्याला टेकवली. काटे जागेवर आले आणि पिवळट लाईट पांढरी झाली. रोग सापडला.

कारण रंग. बोल्ट न खोलता, वरून खालून सगळीकडे मारायला मीच सांगितलं होतं. पत्रा आणि चेसिस यांच्यामध्ये रंगाचा थर बसला. लाईटच्या करंटला परत जायला वाट उरली नाही, म्हणून तो मीटरच्या वायरीतून वाट काढत होता.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली. बोल्ट खोलून रंग घासून चकचकीत लोखंड उघडं केलं, थिंबल लावून जाड वायर थेट निगेटिव्हपर्यंत नेली, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडली.

ट्रॉलीचं दुखणं तेच, जागा वेगळी. तिच्या सॉकेटमध्ये अर्थची वायरच नव्हती. अर्थ मिळायचा तो हुकाच्या पिनेतून. पिनेला गंज आणि चिखल, त्यामुळे खड्ड्यात लाईट लागायची आणि सपाटीला जायची. सॉकेटमधून वेगळी अर्थ वायर ओढली. मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टीही लावली, म्हणजे वायर तुटली तरी ट्रॉली दिसेल.

सगळा खर्च दोनशेच्या आत.

एक विनंती. फ्यूज उडतो म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी लावू नका. फ्यूज उडतोय म्हणजे कुठंतरी वायर घासतेय. चंदेरी लावली की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

काल रात्री त्याच पोराला बोलावून ट्रॉलीच्या मागे लांब उभं केलं आणि ब्रेक दाबला. "दिसतंय काका," म्हणालं. मग ऊस भरला.