पहाटेचं देणं

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं, म्हणजे सजग स्वप्न, ही विद्या मी बेळगावात शिकलो असं बरीच वर्षं सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं देणं निपाणीतल्या आमच्या दोन खणांच्या घराचं आहे.

आई बिड्या वळायची. मजुरी हजार बिड्यांवर. घरचं पाणी-चूल सुरू होण्याआधी पानं कापून झाली, तरच दिवसाचा हजार पुरा व्हायचा. म्हणून पहाटे तीन-साडेतीनला ती दिवा लावून ओल्या पोत्यातली पानं काढायची, आणि कात्रीच्या आवाजानं मला जाग यायची. मी तिच्याजवळ जाऊन बसे. थोड्या वेळानं ती म्हणे, “अजून झुंजुमुंजू न्हाई रं, नीज जा.” मी परत झोपायचो आणि लख्ख स्वप्नं पडायची. भाकरी थापताना ती विचारायची, “आज काय दिसलं?” ती माळकरी होती. तुकोबांना बाबाजींनी स्वप्नात मंत्र दिला, बहिणाबाईंना कोल्हापुरात तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिला, हे तिनं कीर्तनात ऐकलेलं. त्यामुळे स्वप्न तिच्या लेखी हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. मी रोज सांगायचो. अर्जुननगरच्या कॉलेजात जायला लागलो आणि हे मला अडाणीपणाचं वाटू लागलं. ती विचारायची थांबली नाही. मीच सांगायचं सोडलं.

एक स्वप्न मात्र मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. मी लहान होतो, डोळ्यांनी काहीच पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. पण पुढे कित्येक वर्षं मी झोपेत त्याच रस्त्यानं पळत होतो. मागून कोण येतंय ते न बघता.

नोकरीनिमित्त बेळगावात आल्यावर ओळखीच्या एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकांपुढे हे बोलून गेलो. त्यांनी स्टीफन लाबर्ज यांचं सजग स्वप्नांवरचं १९८५ सालचं पुस्तक हातात ठेवलं. माझं इंग्रजी बेताचं, म्हणून संध्याकाळी बसून ते अर्थ सांगत. स्वप्नाच्या झोपेत अंग लुळं पडलेलं असतं, पण डोळे हलतात. इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये याचाच उपयोग केला. झोपलेल्या ॲलन वर्स्ली यांनी स्वप्नातून, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावीउजवीकडे फिरवून खूण दिली आणि ती यंत्रावर उमटली. स्वतंत्रपणे तेच काम लाबर्ज यांनी स्टॅनफर्डला केलं. या माणसांना मी कधी पाहिलं नाही. ऋण तरीही आहेच.

मग रीत. झोपेत साधारण दर दीड तासानं स्वप्नांची फेरी येते आणि पहाटेकडे ती लांबत जाते. म्हणून पाचेक तास झोपून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं आणि परत झोपताना मनाशी ठरवायचं की आता स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल. नुकतंच पडलेलं स्वप्न डोळ्यांपुढे आणून त्यात आपण भानावर आल्याचं बघायचं. उठल्यावर हलायच्या आत जे आठवेल ते वहीत लिहायचं. प्राध्यापक सांगत होते आणि माझ्या कानात कात्री वाजत होती. उठवणं, परत निजवणं, सकाळी सांगायला लावणं, हे सगळं माझ्याकडून आधीच करून घेतलं गेलं होतं. नवं होतं ते फक्त ठरवून झोपणं.

दिवसाची एक सवयही लावून घ्यायची होती. एखादी पाटी वाचायची, नजर वळवायची, परत वाचायची. स्वप्नात अक्षरं बहुधा टिकत नाहीत. सीमाभागात ही परीक्षा थोडी अवघड! १ नोव्हेंबर २०१४ ला जागेपणीच आमच्या बेळगावची पाटी ‘बेळगावी’ झाली. तरी बसस्टँडवर मी पाट्या दोनदोनदा वाचत राहिलो.

पुष्कळ दिवस काही साधलं नाही. उतावळेपणानं रोज झोप मोडायचो आणि ऑफिसात डुलक्या काढायचो. भान आलं की आनंदानंच जाग यायची. प्राध्यापक म्हणाले, “स्वप्नातच हात चोळा, घाई करू नका.” मग एका पहाटे महामार्गावर पळताना बाजूची पाटी दिसली. कन्नड होती, परत बघितली तर मराठी. हात चोळले. पाउल टोलाय या जर्मन मानसशास्त्रज्ञांचा सल्ला होता की भिववणाऱ्याकडे तोंड करावं, म्हणून मागे वळलो. तंबाखूची पोती लादलेल्या बैलगाड्या उभ्या होत्या आणि माणसं भाकरी खात बसली होती. ते स्वप्न त्यानंतर क्वचितच पडलं.

आई तोवर गेली होती. तिची रीत जगातल्या शास्त्रज्ञांशी जुळते हे तिला सांगायचं राहिलं. ऐकलं असतं तर तिला त्याचं फारसं काही वाटलं नसतं.

कुणाला हे शिकायचं असेल तर आधी एक वही आणा आणि महिनाभर नुसती स्वप्नं लिहा. पहाटेचा प्रयोग सुटीच्या आदल्या रात्रीच करा. रोज झोप मोडू नका. मनाच्या आजारावर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका. आणि घरात सकाळी कुणी “काय दिसलं?” असं विचारत असेल, तर त्याला उत्तर द्या.