पूल खालून बघायचा असतो

लहान मुलांना जगातले पूल दाखवायचे म्हटले की बाजारात एक तक्ता हमखास मिळतो. सॅन फ्रान्सिस्कोचा तांबडा पूल, लंडनचा दोन मनोऱ्यांचा, आपला हावडा, आणि आता काश्मीरमधला चिनाबवरचा. प्रत्येकाखाली लांबी, उंची आणि साल. मुले चार दिवसांत सगळे पाठ करतात, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवतात आणि घरचे खूश होतात. मी कोल्हापुरात बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर काम करते. तो तक्ता मी वर्गात लावत नाही. चिनाबचा पूल नदीपासून ३५९ मीटर उंच आहे, हे पाच वर्षांच्या मुलाला सांगून त्याच्या हाती काय लागणार? आणि लांबून काढलेल्या देखण्या फोटोत पूल ओझे कसे पेलतो, हे तर दिसतच नाही. पूल कळायचा असेल तर त्याच्या खाली जावे लागते, आणि थोडे ओझे आपल्या अंगावर घ्यावे लागते.

आमचा पहिला पूल म्हणून पंचगंगेवरचा. हिवाळ्यात पाणी उतरलेले असते, तेव्हा मोठ्यांचे हात धरून आम्ही घाटावर जातो. समोर शिवाजी पुलाच्या दगडी कमानी. इंग्रजी अमदानीत, १८७० च्या दशकात तो बांधला. मी मुलांना साल सांगत नाही. ‘तुमच्या पणजीच्याही आधीचा’ एवढेच सांगते आणि विचारते, खाली मोकळी जागा आहे, मग मधले दगड पडत का नाहीत? एक जण म्हणतो, चुना लावलाय. दुसरी म्हणते, देव धरतोय. एकदा एक मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “बाई, दगडं एकमेकाला रेटून बसल्यात.” कमानीची याहून नेमकी व्याख्या मी कुठे वाचलेली नाही.

वर्गात परत आलो की तेच अंगाने करायचे. दोन मुलांनी समोरासमोर उभे राहायचे, तळव्याला तळवा लावायचा आणि पाय मागे मागे न्यायचे. खासबागेत दोन मल्ल डोक्याला डोके लावून एकमेकांवर भार टाकतात, तशी कमान उभी राहते. वरून तिसऱ्याने हातांवर दप्तर ठेवले की दोघांचे पाय बाहेर घसरू लागतात. मग कुणीतरी आपणहून त्यांच्या टाचांमागे जाऊन बसते. पुलाच्या दोन्ही टोकांना एवढे भक्कम बांधकाम कशाला, हा प्रश्न तिथे सुटतो. तो मला शब्दांत समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी कुंभाराकडच्या मातीचे एका बाजूला निमुळते तुकडे करून वाळवतो, अर्ध्या डब्यावर ते रचतो आणि शेवटी मधला, कळीचा तुकडा बसवतो. डबा हळूच काढायचा. कमान उभी राहिली की जो आरडाओरडा होतो, तो शेजारच्या वर्गाने आता गृहीत धरला आहे.

पण कोल्हापूरच्या मुलांपाशी याहून मोठे भांडवल आहे, ते म्हणजे बंधारा. कसबा बावड्याचा राजाराम बंधारा त्यांना ठाऊक असतो, कारण पावसाळ्यात घरोघरी त्याचेच नाव चालते. पाणी किती फुटांवर आहे ते तिथे मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. ज्या वयात इतर गावची मुले शंभरपर्यंत मोजायला शिकतात, त्या वयात आमच्याकडच्या मुलांना त्रेचाळीस या आकड्याचा अर्थ कळतो.

या बंधाऱ्याची रचना बघा. नदीत ओळीने दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा संपला की खाचांत लाकडी बरग्यांच्या दोन रांगा घालतात, मध्ये माती भरतात आणि पाणी अडवतात. पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढून घेतात, म्हणजे पूर आणि त्याच्याबरोबरचा गाळ मोकळा निघून जातो. वरून माणसे, सायकली, दुचाक्या ये-जा करतात. पाणी चढले की बंधारा बुडतो, वाहतूक थांबते. पाणी उतरले की तो पुन्हा वर येतो. महाराष्ट्रभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात तो हा. एका मुलीने विचारले होते, “पूल बुडल्यावर वरनं मासं जात्यात काय?” जातच असणार! नदीशी भांडायचे कधी आणि तिला वाट कधी द्यायची, हे ज्यांना कळले त्यांनी ही रचना केली. मुलांना मी ती जगातल्या मोठ्या पुलांच्या पंक्तीला बसवून दाखवते, आणि त्यात गावाचा अभिमान म्हणून काही वाढवून सांगावे लागत नाही.

बंधारा समजला की मग जग. पण ते लांबी-उंचीच्या क्रमाने नाही. आपल्या नदीला आपण असे उत्तर दिले, दुसऱ्यांनी त्यांच्या नदीला काय दिले, या क्रमाने. पेरूच्या डोंगरांत आपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताचा पूल आहे. दर वर्षी जूनमध्ये काठावरच्या गावांतली माणसे गवत वळून दोर करतात, जुना पूल तोडून नदीत सोडतात आणि काही दिवसांत नवा बांधतात. बरगे काढणारी-घालणारी गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्या मुलांना यात नवल वाटत नाही, ओळख वाटते. कोरोनाच्या काळात पूल वेळेवर बदलता आला नाही आणि २०२१ मध्ये तो तुटला. त्याच वर्षी गावांनी तो पुन्हा विणला. आम्ही भाताचे पिंजर आणतो. एक काडी कुणीही तोडते. तिघांनी मिळून पीळ घातलेला दोर दोन्ही बाजूंनी ओढूनही तुटत नाही, तेव्हा आपल्या हाताकडे बघणारी मुले मला फार आवडतात.

मग मेघालय. तिथल्या खासी लोकांनी ओढ्यापलीकडे रबराच्या झाडाची मुळे वळवून नेली, वर्षानुवर्षे वाढू दिली आणि त्यांचाच पूल केला. आपल्याकडच्या वडाच्या पारंब्यांना लोंबकळलेल्या मुलांना हा पूल लगेच कळतो. लावणारा म्हातारा होतो, तोवर पूल तरुण होतो, हे ऐकून ती जरा गप्प होतात.

लोखंडी पुलांत माझा आवडता स्कॉटलंडचा फोर्थ पूल, १८९० चा. तो पडणार नाही हे लोकांना पटवण्यासाठी अभियंता बेंजामिन बेकर यांनी दोन माणसे खुर्च्यांवर बसवली. हात पसरून त्यांनी काठ्या धरल्या, बाहेरच्या टोकांना विटांचे वजन टांगले आणि मधल्या फळीवर काइची वातानाबे हा जपानी अभियंता बसवला. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तो जुना फोटो दाखवून आम्ही तेच वर्गात करतो. खुर्च्यांवर दोन मावशी, विटा, काठ्या आणि मध्ये वर्गातले सर्वांत हलके मूल. खाली गादी असतेच. नंतर खऱ्या पुलाचे चित्र पुढे केले की मुले बोट ठेवून सांगतात, ही मावशी, ही दुसरी मावशी.

आकडा सांगायचाच तर असा सांगावा की तो डोळ्यांपुढे उभा राहील. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल मजबूत आहे हे दाखवायला १८८४ मध्ये सर्कशीचे २१ हत्ती त्यावरून चालवले होते. नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीमुळे हत्ती आमच्या मुलांच्या घरचा झाला आहे, त्यामुळे हा आकडा कुणी विसरत नाही.

एक प्रश्न दर वर्षी येतो. पूल पडतो का? ‘नाही रे बाळा’ म्हणणे सोपे आहे, पण मी म्हणत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या गाड्याही गेल्या. काही घरांत त्याचे बोलणे मुलांच्या कानांवर पडलेले असते. मी त्यातले भीषण तपशील सांगत नाही. पूल म्हातारा होतो, पुरात त्याचे पाय खणले जातात, म्हणून मोठी माणसे त्याला तपासतात आणि तपासायलाच हवे, एवढे सांगते. सावित्रीवर वर्षाच्या आत नवा पूल झाला, हेही सांगते. बोस्नियातल्या मोस्तारचा चारशे वर्षांहून जुना दगडी पूल १९९३ मध्ये युद्धात तोफांनी पाडला आणि २००४ मध्ये लोकांनी तो होता तसा पुन्हा उभारला, ही गोष्ट त्याच्या जोडीला येते. खरे उत्तर ऐकलेले मूल घाबरत नाही. टाळलेल्या उत्तराने ते घाबरते.

हे सगळे मी शोधून काढलेले नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या कुरणात मुलांना भोवतालातून शिकवले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये ‘सृजन आनंद’ विद्यालय सुरू केले. त्यांच्या वाटेवर असलेली कुणीही शिक्षिका तक्त्याआधी नदीकडेच जाईल.

आईवडिलांना आणि माझ्यासारख्या बाईंना एक विनंती आहे. यंदा पाऊस सरला की जवळच्या बंधाऱ्यावर बरगे कधी घालणार आहेत याची चौकशी करा, आणि त्या दिवशी मुलांना घेऊन काठावर जा. काम करणाऱ्यांची परवानगी घ्या, सुरक्षित अंतर ठेवा आणि समजावून सांगायची घाई करू नका. प्रश्न मुले विचारतील.